नुसतं ‘हैदराबाद’ लिहिलं तर वाचक कुठे पोचावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: विकिपीडियावर एकाच नावाच्या दोन शहरांचे लेख आहेत. एकाला नुसतं नाव मिळालंय, दुसऱ्याच्या नावापुढे कंसात देश आलाय. दुसऱ्या लेखावर काम करणाऱ्या सदस्याने चर्चापानावर हरकत घेतली आहे की आमचं शहर जुनं, नावही मूळ आमचंच. तेव्हा नुसतं नाव आमच्या लेखाकडे यावं, ते जमत नसेल तर निदान निःसंदिग्धीकरण पानाकडे, म्हणजे त्या नावाच्या सगळ्या लेखांची यादी देणाऱ्या पानाकडे, जावं. हे ठरवायचं कशावरून, बदल करायचा झाला तर कसा, आणि कंसात नेमकं काय लिहायचं?

उत्तर आधी देऊन टाकतो. शहराचं वय, लोकसंख्या, कोणी कोणाचं नाव घेतलं हे सगळं बाजूला ठेवा आणि नुसतं नाव टाकणारा वाचक कशाच्या शोधात आलाय ते पाहा. एक शहर बाकी सगळ्यांवर उघडपणे भारी पडत असेल तर नाव त्याला द्या. तसं छातीठोकपणे म्हणता येत नसेल तर निःसंदिग्धीकरण पान करा. आणि या दोन्हींच्या आधी, त्या नावाकडे येणारे दुवे एकेक उघडून वाचा. चर्चापानावर महिनाभर वाद घालून जे कळत नाही ते तिथे तासाभरात कळतं.

असल्या वादांत पहिली गडबड होते ती नुसतं नाव म्हणजे मानाचं पान समजण्यात. ज्या शहराला ते मिळालं ते थोर, दुसऱ्याची उपेक्षा झाली, असं एकदा डोक्यात बसलं की जनगणना, ताम्रपट, स्थापनेचे सन असं सगळं बाहेर निघतं. लेखाचा दर्जा, त्यातली माहिती, शहराचं महत्त्व यातलं काहीच शीर्षकाने बदलत नाही. शोधखिडकीत चार अक्षरं टाकणाऱ्या माणसाला कमी खेपांत योग्य पानावर नेणं एवढंच शीर्षकाचं काम.

त्यासाठी वाटा तीनच आहेत. नुसत्या नावाखाली एका शहराचा लेख आणि त्याच्या डोक्यावर ‘या नावाच्या इतर शहरांसाठी पाहा’ अशी सूचना. नुसत्या नावाखाली निःसंदिग्धीकरण पान. किंवा नुसतं नाव हे एखाद्या लांब शीर्षकाकडे जाणारं पुनर्निर्देशन. तिसरी वाट लोक विसरतात. इंग्रजी विकिपीडियावर नॅशव्हिल टाकलं की वाचक ‘नॅशव्हिल, टेनेसी’ या लेखावर पोचतो, कारण अमेरिकी शहरांच्या शीर्षकात राज्याचं नाव लावायची तिथली रीत आहे. म्हणजे लेखाचं शीर्षक काय असावं हा एक प्रश्न आणि नुसतं नाव कुठे न्यावं हा दुसरा. दोन्ही एकत्र कालवले की चर्चा भरकटते. आणखी एक: शहरं दोनच असतील आणि त्यातलं एक ठळकपणे मुख्य असेल, तर वेगळं निःसंदिग्धीकरण पान करायची गरजच नसते. लेखाच्या वर एका ओळीची सूचना पुरते.

‘भारी पडणं’ म्हणजे किती, याची कसोटी इंग्रजी विकिपीडियाने बऱ्यापैकी नेमकी लिहून ठेवली आहे आणि मला ती पटते: एखाद्या विषयाच्या शोधात वाचक येण्याची शक्यता दुसऱ्या कुठल्याही एका विषयापेक्षा पुष्कळ जास्त हवी, शिवाय बाकी सगळ्यांच्या बेरजेपेक्षाही जास्त हवी. याला जोड म्हणून ‘दीर्घकालीन महत्त्व’ हा दुसरा निकष येतो. तो कशासाठी, तर परवा आलेल्या चित्रपटाने किंवा मालिकेने शतकानुशतकं नांदणाऱ्या शहराचं नाव पळवू नये म्हणून. दोन शहरांतच सामना असेल तर मात्र हा निकष फार जपून वापरावा, कारण त्याच्या आडून मानाचं पान पुन्हा आत शिरतं.

निःसंदिग्धीकरण म्हणजे सगळ्यांना समान न्याय, अशी एक समजूत आहे. हिशेब करून पाहा. समजा १०० वाचकांनी नाव टाकलं. त्यातल्या ७० जणांना पहिलं शहर हवंय, ३० जणांना दुसरं. नाव थेट पहिल्या शहराकडे नेलं तर ७० जण एका झटक्यात पोचतात, ३० जणांना एक पान वाया जातं आणि वरची सूचना वाचून पुढे जावं लागतं. निःसंदिग्धीकरण केलं तर शंभरच्या शंभर जणांना मधे थांबावं लागतं. नुसत्या टिचक्या मोजल्या तर थेट नेणं स्वस्त पडतं. पण त्या तिसांचं नुकसान एका टिचकीएवढंच नसतं. मोबाइलवर चित्रं, माहितीचौकट, नकाशा असलं जड पान उघडतं, वरची बारीक अक्षरातली सूचना बोटाखालून निघून जाते, आणि काहींना तर आपण चुकीच्या शहरात उतरलोय हे कळतही नाही. म्हणून साठ-चाळीस किंवा सत्तर-तीस असा मामला असेल तर मी निःसंदिग्धीकरणाच्या बाजूने कौल देतो. नव्वद-दहा असेल तर बिनदिक्कत थेट लेख.

आता ‘जुनं कोण, मूळ कोण’ या मुद्द्याकडे. हा युक्तिवाद ऐकायला जोरकस असतो आणि वाचकाच्या दृष्टीने बहुतेक वेळा निकामी. अमेरिकेतल्या बॉस्टनने नाव घेतलं इंग्लंडच्या लिंकनशरमधल्या बॉस्टनवरून. तरी नुसतं बॉस्टन म्हटल्यावर लिंकनशर कोणाच्या डोळ्यापुढे येतं? व्हँकुव्हर तर त्याहून गमतीचं आहे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातलं व्हँकुव्हर १८५७ मध्ये रीतसर शहर झालं, कॅनडातलं १८८६ मध्ये. जवळपास तीस वर्षांनी धाकटं असलेलं कॅनडातलं शहर आज त्या नावाचं धनी आहे आणि त्यात कोणावर अन्याय झालाय असं मला वाटत नाही.

लोकसंख्येचं तसंच. अर्जेंटिनातलं कोर्दोबा १५७३ मध्ये वसलं, ते आज त्या देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर आहे, तेरा लाखांच्या वर वस्तीचं. स्पेनमधलं कोर्दोबा त्याच्या चौथाईएवढं, पण उमय्या खलिफांची राजधानी आणि तिथली भव्य मशीद यांमुळे इतिहास आणि वास्तुकला वाचणारा प्रत्येक जण त्याच्यापर्यंत पोचतो. एकाकडे माणसं, दुसऱ्याकडे वारसा. इंग्रजी विकिपीडियाने इथे कोणालाच नाव दिलेलं नाही, दोघांनाही निःसंदिग्धीकरण पानावर मांडलंय. इजिप्तचं मेंफिस आणि टेनेसीचं मेंफिस यांचंही तेच. असे दोन बलवान दावेदार समोरासमोर आले की भांडण लांबवण्यात अर्थ नसतो.

हैदराबादवर थोडा थांबतो, कारण मराठीत काम करणाऱ्याला ते कधी ना कधी भेटतंच. दख्खनचं हैदराबाद मुहम्मद कुली कुत्बशाहाने १५९१ मध्ये वसवलं. सिंधमधलं हैदराबाद १७६८चं, मियाँ गुलाम शाह कल्होडोने जुन्या नेरूनकोटच्या जागी उभारलेलं, आणि तेही दहा लाखांवर वस्तीचं मोठं शहर आहे. मराठी वाचक नुसतं हैदराबाद म्हणतो तेव्हा त्याला चारमिनारचं हैदराबाद हवं असतं, याबद्दल मला शंका नाही. नाव तिकडेच जावं, वर सूचना असावी. इथवर सोपं आहे. पुढे त्या नावाकडे येणारे दुवे वाचायला बसा.

साधू वासवानींचा जन्म १८७९चा, हैदराबादचा. त्यांच्या नावाचं मिशन पुण्यात असल्याने मराठीत त्यांच्यावर लिहिलं जाणारच, आणि लिहिणारा घाईत ‘हैदराबाद’भोवती चौकटी कंस टाकून, म्हणजे दुवा देऊन, मोकळा होणार. ते हैदराबाद सिंधमधलं. एकदिवसीय क्रिकेटमधली पहिली हॅटट्रिक जलालुद्दीनने १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध घेतली ती हैदराबादच्या नियाझ स्टेडियममध्ये, तेही सिंधमधलं. इथे आंधळेपणाने दुवा दिला की वाचक पाकिस्तानातल्या मैदानावरून थेट गोवळकोंड्याच्या पायथ्याशी जातो. आणि तिसरा प्रकार सर्वांत जास्त सापडतो: मराठवाड्यातल्या स्वातंत्र्यसैनिकांचे लेख. ‘हैदराबादमधून हद्दपार केले’, ‘हैदराबाद भारतात विलीन झाले’ अशा वाक्यांत अभिप्रेत असतं ते निजामाचं संस्थान. १७ सप्टेंबर १९४८ ही तारीख असलेल्या परिच्छेदातला दुवा शहराच्या लेखाकडे गेला असेल तर तो बहुधा चुकलेलाच समजा.

या सगळ्या चुका मुक्या असतात, आणि सगळ्या प्रकरणातली माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित बाब हीच आहे. नुसतं नाव एका शहराला दिलं की चुकीचा दुवाही निळाच दिसतो, उघडतोही व्यवस्थित, कोणालाच काही खटकत नाही. तेच नाव निःसंदिग्धीकरण पानाकडे असेल तर चूक ताबडतोब पकडता येते, कारण निःसंदिग्धीकरण पानाकडे लेखातून दुवा असणं हेच दोषाचं लक्षण. इंग्रजी विकिपीडियावर असा दुवा टाकणाऱ्या सदस्याला सांगकाम्या, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, निरोप पाठवतो, आणि ज्याला हवं त्याला असे दुवे नारिंगी रंगात दिसण्याची सोयही आहे. छोट्या विकिपीडियावर ही यंत्रणा नसली तरी ‘येथे काय जोडले आहे’ हे पान असतंच. महिन्यातून एकदा ते उघडलं तरी पुरे.

याचं मोठ्या प्रमाणावरचं उदाहरण न्यूयॉर्क. इंग्रजी विकिपीडियावर नुसतं ‘न्यूयॉर्क’ वर्षानुवर्षं राज्याच्या लेखाकडे जात होतं आणि शहराचा लेख ‘न्यूयॉर्क सिटी’ या नावाने होता. युक्तिवाद असा की शहराला वेगळं, सर्वमान्य नाव आहेच, मग उरलेलं नाव राज्याचं. कागदावर नीट वाटतं. प्रत्यक्षात जगभरचे लोक न्यूयॉर्क म्हणतात ते शहराला, आणि लेखांमध्ये ‘न्यूयॉर्कमध्ये जन्म’, ‘न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शन’ असे असंख्य दुवे शहर मनात धरून टाकलेले, पोचत मात्र राज्याच्या लेखावर होते. लांबलचक चर्चांनंतर २०१७ मध्ये राज्याच्या लेखाला कंसात ‘राज्य’ लागलं आणि नुसतं नाव निःसंदिग्धीकरणाकडे गेलं. शहराकडे नाही गेलं, हे लक्षात घ्या. दोन्ही बाजू एकमेकींना पटवू शकल्या नाहीत तेव्हा ही मधली वाट निघाली, आणि तिच्यामुळे पुढचे चुकीचे दुवे आपोआप उघडे पडू लागले.

आता मोजमाप. चर्चेत कोणीतरी वाचनसंख्येचा आलेख आणतोच. विकिमीडियाच्या पेजव्ह्यूज साधनात जुलै २०१५पासूनचे आकडे मिळतात, दोन लेख शेजारी ठेवून तुलना करता येते, आणि ती करावीही. फक्त तो आकडा काय सांगतो हे समजून घ्या. लेख किती वेळा उघडला गेला हे तो सांगतो. नुसतं नाव टाकणाऱ्याला काय हवं होतं हे सांगत नाही. बहुसंख्य वाचक गूगलवरून थेट लेखावर येतात, त्यांनी आपली शोधखिडकी पाहिलेलीही नसते. शिवाय ज्या लेखाकडे नुसतं नाव आहे त्याच्या आकड्यात वाट चुकलेले वाचकही मोजले जातात, त्यामुळे गादीवर बसलेल्याचं पारडं आधीच थोडं जड असतं. एखाद्या महिन्यात पूर, निवडणूक, मोठा सामना असं काही झालं की आकडा उसळतो. म्हणून किमान वर्षभराचा काळ घ्या आणि सरासरीपेक्षा मध्यक, म्हणजे चढत्या क्रमातला मधला आकडा, पाहा. स्वयंचलित भेटी वगळायची सोय त्या साधनात आहे, ती वापरा. छोट्या विकिपीडियावर दिवसाला पाच-दहा भेटी असलेल्या लेखांची तुलना करून ‘दुप्पट वाचक’ असे निष्कर्ष काढणारे मला पटत नाहीत.

त्याहून उपयोगी असते ती वाचकाच्या वाटेची नोंद, म्हणजे कुठल्या पानावरून कुठल्या पानावर किती जण गेले. विकिमीडिया ही माहिती दर महिन्याला प्रसिद्ध करतं, पण निवडक मोठ्या भाषांपुरती, आणि ज्या वाटेने महिन्यात दहा किंवा त्याहून कमी वाचक गेले ती वाट त्यात येत नाही. आपल्याला ती मिळत नसेल तर एक जुनी युक्ती आहे. वरच्या सूचनेतला दुसऱ्या शहराचा दुवा थेट लेखाकडे न देता एका खास पुनर्निर्देशनाकडे द्या, जे दुसरीकडे कुठेही वापरलेलं नाही. काही महिन्यांनी त्या पुनर्निर्देशनाची वाचनसंख्या पाहिली की सूचनेवरून किती जण पुढे गेले ते कळतं. ज्यांनी वैतागून पान बंद केलं ते यात येत नाहीत, हे मात्र धरून चाला.

येणाऱ्या दुव्यांची नुसती संख्याही फसवी असते. ‘पाकिस्तानातील शहरे’ अशा साच्यात, म्हणजे अनेक पानांवर लावायच्या तयार चौकटीत, एक दुवा असला की तो साचा लावलेल्या प्रत्येक पानावरून दुवा आल्यासारखं दिसतं. साच्यातला दुवा चुकीचा असेल तर पन्नास पानं एकदम चुकतात आणि साच्यात एक दुरुस्ती केली की पन्नासही सुधारतात. म्हणून यादी काढल्यावर साच्यांतून आलेले दुवे बाजूला करा आणि वाक्यांत आलेले वाचा. लिहिणाऱ्यांनी काहीही विचार न करता, सवयीने नुसतं नाव कशासाठी वापरलं, हे त्या वाक्यांतून दिसतं. भाषेतला खरा वापर तोच.

‘भाषेतला’ हा शब्द मुद्दाम वापरला. इंग्रजीत जे ठरलं ते मराठीत उचलायचं, असं बरेच जण धरून चालतात. कारण नाही. विश्वकोश मराठीत असेल तर त्याचा वाचक मराठी वाचतो, आणि नाव टाकताना त्याच्या मनात काय असतं ते पाहायचं. इंग्रजीत बिजापूर या नावाखाली कर्नाटकातलं आदिलशाहीचं शहर आणि छत्तीसगडमधलं जिल्ह्याचं ठिकाण अशी दोन्ही येतात. मराठीत पहिल्याला विजापूर म्हणायची जुनी वहिवाट असल्याने गुंता जवळपास उरतच नाही. उलट देवनागरीत नवे गुंते तयार होतात. केरळचं कोची आणि जपानचं कोची आपण सारखंच लिहितो. अरबीत लिबियाच्या त्रिपोलीला पश्चिमेचं आणि लेबनॉनच्या त्रिपोलीला शामचं, म्हणजे सीरियाच्या प्रदेशाचं, म्हणायची पूर्वापार पद्धत आहे. तिथल्या संपादकाचं निम्मं काम भाषेनेच करून ठेवलंय.

भाषेवर बेतायचं म्हणजे आपल्या माणसांची बाजू घ्यायची असं नव्हे. पाटण घ्या. गुजरातचं पाटण, म्हणजे सोळंकी राजांचं अणहिलवाड, राणी की वावमुळे २०१४पासून जागतिक वारशाच्या यादीत. सातारा जिल्ह्यातलं पाटण, कोयना धरणाचा तालुका. नेपाळमधलं पाटण, काठमांडूच्या शेजारचं, दरबार चौकाचं. मराठी बातम्यांत साताऱ्याचं पाटण रोज येतं म्हणून नुसतं नाव त्याला द्यावं, असं कोणी म्हणेल. पण विश्वकोशात पाटण शोधणारा शाळकरी मुलगा गुजरातच्या पाटणमधल्या पटोळा साड्यांबद्दलही वाचत असू शकतो आणि नेपाळच्या वास्तुकलेबद्दलही. तिघांपैकी एकही उरलेल्या दोघांच्या बेरजेहून जड आहे असं मला म्हणता येत नाही. हे निःसंदिग्धीकरणाचं उघड प्रकरण आहे.

नावबदल झालेल्या शहरांचं काय, हा प्रश्न विचारलेला नाही पण याच रांगेतला आहे. महाराष्ट्रातल्या औरंगाबादचं नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झालं. बिहारमध्ये औरंगाबाद नावाचं जिल्ह्याचं ठिकाण आहे आणि त्याचं नाव तेच आहे. मग ‘औरंगाबाद’ आता बिहारचं का? लगेच नाही. मागच्या तीनेक शतकांतली पुस्तकं, गॅझेटियर, प्रवासवर्णनं, मुघल आणि निजामकाळाचा इतिहास यांत ते नाव महाराष्ट्रातल्या शहरासाठी आहे, आणि ते वाचून शोधायला येणारा वाचक एका शासननिर्णयाने थांबत नाही. मराठीत तरी अजून काही वर्षं ते नाव नव्या शीर्षकाकडे पुनर्निर्देशित राहावं आणि लेखाच्या वर बिहारच्या शहराची सूचना असावी, असं माझं मत आहे. हिंदी विकिपीडियाचा वाचकवर्ग वेगळा, तिथे उत्तर वेगळं येऊ शकतं. जुन्या नावावरून पुनर्निर्देशन ठेवणं म्हणजे नावबदलाला विरोध किंवा पाठिंबा नव्हे, हे मात्र चर्चेच्या पहिल्याच ओळीत लिहून टाका, म्हणजे पुढचा बराच मनस्ताप वाचेल.

दुसऱ्या शहराचा लेखच अजून नसेल तर? छोट्या विकिपीडियावर हे नेहमीचं. नियमाच्या भाषेत सांगायचं तर विश्वकोशात असलेल्या विषयांमध्येच निवड करायची असते. मी थोडा सैल असतो: लाखभर वस्तीचं शहर असेल तर त्याचा लेख आज ना उद्या येणारच, तेव्हा निःसंदिग्धीकरण पानावर लाल दुवा, म्हणजे अजून न लिहिलेल्या लेखाचा दुवा, असायला हरकत नाही, फक्त त्या ओळीत ते कुठलं शहर हे सांगणारे चार शब्द हवेत. एकाच नावाच्या वीस खेड्यांसाठी लाल दुव्यांची रांग लावू नये.

बदल करायचं ठरलं तर क्रम महत्त्वाचा. आधी चर्चापानावर प्रस्ताव, दोन्ही लेखांवर काम करणाऱ्यांना साद, आणि आठवडाभर तरी थांबणं. मग दुवे दुरुस्त करणं: नुसत्या नावाकडे येणारा प्रत्येक दुवा नेमक्या शीर्षकाकडे वळवायचा, वाक्यात दिसणारा शब्द तसाच ठेवून. ते झाल्यावर स्थानांतरण, म्हणजे लेखाचं शीर्षक बदलणं. आधी स्थानांतरण आणि ‘दुवे नंतर बघू’ असं केलं की ते नंतर कधीच येत नाही. मजकूर एका पानावरून उचलून दुसऱ्या पानावर चिकटवू नका; लेखाचा संपादन-इतिहास तुटतो आणि परवान्यानुसार लेखकांना द्यायचं श्रेय हरवतं. हव्या त्या शीर्षकावर आधीच पान असेल तर प्रचालकाकडून, म्हणजे जादा अधिकार असलेल्या सदस्याकडून, अदलाबदल करून घ्या. शेवटी विकिडेटा तपासा, जिथे एकाच विषयाचे वेगवेगळ्या भाषांतले लेख एका नोंदीला जोडलेले असतात. निःसंदिग्धीकरण पानाची नोंद वेगळी असते. ती शहराच्या नोंदीला चिकटलेली राहिली तर दुसऱ्या भाषांतून येणारे वाचक शहराऐवजी यादीवर पोचतात. तिथे गेलाच आहात तर दोन्ही शहरांच्या नोंदींत मराठी वर्णन भरून या. शोधखिडकीत नाव टाइप करताना खाली जी यादी उघडते तिच्यात हेच वर्णन दिसतं, आणि ‘सिंध, पाकिस्तानमधील शहर’ एवढं वाचून वाचक एंटर दाबायच्या आधीच योग्य ओळ निवडतो. निम्मे वाद या दोन मिनिटांच्या कामाने बिनमहत्त्वाचे होतात.

निःसंदिग्धीकरण पान लिहिताना हात आखडता घ्या. एका ओळीत एकच दुवा, त्यापुढे ओळखीपुरते शब्द, सर्वांत जास्त शोधलं जाणारं वर. झेंडे, छायाचित्रं, इतिहासाचा परिच्छेद यांपैकी काही नको. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या महापालिकेने २००८ मध्ये ७ लाख २० हजार पत्रकं छापली आणि त्यांवर अलाबामातल्या बर्मिंगहॅमचं चित्र होतं, हे खरं घडलेलं आहे. नाव सारखं असलं की माहितगार माणसंही चित्र पाहून फसतात. यादीत शब्दच असू द्यात.

राहिला कंस. दोन शहरं वेगळ्या देशांत असतील तर देश, एकाच देशात असतील तर राज्य, एकाच राज्यात असतील तर जिल्हा. वाचकाला वेगळेपण कळेल असा सर्वांत मोठा विभाग पुरतो. भारतातल्या नावांत शहर, तालुका आणि जिल्हा तिन्ही एकाच नावाचे असतात, तिथे नुसतं नाव शहराला आणि बाकीच्यांना ‘तालुका’, ‘जिल्हा’ हे शब्द जोडणं ही रुळलेली पद्धत बरी आहे. ‘जुने’, ‘मूळ’, ‘मोठे’ असले शब्द कंसात नकोत. लोकांच्या तोंडात आधीच वेगळं पूर्ण नाव असेल, जसं फ्रांकफुर्ट आम माइन, तर कंसापेक्षा तेच घ्यावं. वर म्हटलेल्या तिघांची शीर्षकं पाटण (गुजरात), पाटण (महाराष्ट्र) आणि पाटण (नेपाळ) अशी होतील. नेपाळमधल्या शहराचा लेख त्याच्या अधिकृत नावाने, म्हणजे ‘ललितपूर’ म्हणून करायचा ठरला, तर उत्तर प्रदेशातलं ललितपूर समोर येतं, आणि मग ही सगळी चर्चा त्या नावासाठी वेगळी करावी लागेल.